ग्लायडर नाक वर करून पडतंय? मोटर बदलायच्या आधी सीजी (विमानाच्या तोलाचा बिंदू) बघ

अंबाजोगाईच्या एका मित्राचा प्रश्न थोडक्यात असा आहे. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, चौघांनी मिळून थर्माकोलचं दीड मीटर पंखाचं मोटरवालं ग्लायडर बनवलंय, पंखाची रुंदी 18 सेंटीमीटर, बॅटरीसकट वजन 950 ग्रॅम. सात वेळा उडवलं आणि सातही वेळा नाक वर करून थांबतं अन् खाली येतं, एलिव्हेटर (शेपटीची आडवी हलती पट्टी) खाली ट्रिम केलं, म्हणजे जरासं खाली झुकवून ठेवलं, की सरळ जमिनीत घुसतं. आता मोठी मोटर घ्यायची का जायरो (विमान आपोआप सरळ धरणारं यंत्र) लावायचा असं विचारायलेत, आणि पुढं क्लब काढायचाय तर सुरुवात कुठून करायची हे पण.

मी परभणीचा, मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, चौदा वर्षं झाली ग्लायडर उडवायला. आमचा सहा-सात जणांचा ग्रुप आहे, त्यात एक शाळेतले सर आहेत, एक बँकेत आहेत, आणि ज्यांच्या रानात आम्ही उडवतो ते काका आहेत. दुसऱ्या वर्षाला आहेस म्हणून तू म्हणतोय, राग मानू नको.

आधी मोटर आणि जायरोचं सांगून टाकतो कारण पैसे तिथंच जायलेत. दोन्ही आत्ता घेऊ नको. मोठ्या मोटरला मोठी बॅटरी लागते, वजन अजून वाढतं, आणि विमान पडायचं तसंच पडतं फक्त जास्त जोरात. ग्लायडरला वर चढायला वजनाच्या निम्मा ओढा मिळाला तरी पुरतो, तुझी 2212 मोटर तेवढं आरामात करते. आणि जायरोचं असंय की तो चूक झाकतो. वारं असताना तो चांगला, पण ज्या विमानाचा तोलच चुकलाय त्याला जायरो लावला तर सर्व्हो (शेपटीच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरा) सारखे धडपडत राहतात आणि तुला कधीच कळत नाही की मूळ दुखणं काय होतं.

दुखणं तुझ्याच एका वाक्यात आहे. तू लिहिलंस की पंखाच्या बरोबर मध्यभागी बोट ठेवून विमान बॅलन्स केलं. म्हणजे सीजी पुढच्या कडेपासून 9 सेंटीमीटरवर. तो पाहिजे साधारण 30 टक्क्यांवर म्हणजे 5.4 सेंटीमीटरवर, नवीन विमान असेल तर 5 वर ठेवला तरी चालतो. साडेतीन सेंटीमीटर ऐकायला काहीच वाटत नाही पण विमानाच्या भाषेत हे लई मोठं अंतर आहे.

गावाकडं बैलगाडी उलार झालेली बघितली असशील. कडब्याच्या पेंढ्या मागं जास्त भरल्या की जू वर उचलतं आणि बैलांना गाडी ओढता येत नाही. तुझं विमान उलार झालंय. पण गाडीला निदान खाली रस्ता असतो, विमान हवेत असतं त्यामुळं त्याचं अजून एक होतं, नाक जरासं वर गेलं की ते आपोआप खाली यायच्या ऐवजी अजून वर जातं, आणि जरासं खाली गेलं की अजून खाली जातं. म्हणून तुला ट्रिम सापडेना, वर केलं तर स्टॉल (पंखाची उचल संपून पडणं) आणि खाली केलं तर जमिनीत. मधली जागाच त्या विमानात उरलेली नाही. हे सगळं तुझ्या हाताचं काही चुकतंय म्हणून होत नाहीये, असं विमान आमच्यातल्या कुणालाच नीट उडवता येणार नाही.

आता एक गोष्ट मात्र परिस्थितीवर आहे आणि ती तुलाच बघावी लागेल. नाक वर जातं ते मोटर चालू असताना का बंद असताना? फक्त चालू असताना जात असेल तर त्यात मोटरच्या अँगलचा पण हात असतो. पंख वर आणि मोटर खाली अशी रचना असली की मोटर नाक वर ढकलते, त्यासाठी मोटरचं तोंड 3 ते 5 अंश खाली झुकवतात, मागच्या वरच्या दोन स्क्रूखाली वायसर घातले की काम होतं. पण मोटर बंद केल्यावर पण तेच होत असेल तर मोटरला हात लावू नको, आधी सीजी. तुझ्या वर्णनावरून मला वाटतंय की मोटर बंद असताना पण तेच होतंय.

सीजी पुढं आणायचा म्हणजे लगेच नाकात शिसं भरायचं असं नाही. आधी शेपूट हलकी करायची. तुझ्या फोटोत दोन्ही सर्व्हो पार शेपटीजवळ दिसतात. पंखापासून शेपूट 60 सेंटीमीटर मागं आणि नाक 20 सेंटीमीटर पुढं धर, म्हणजे शेपटीत 10 ग्रॅम वाढलं की ते फेडायला नाकात 30 ग्रॅम घालावे लागतात. दोन सर्व्हो म्हणजे 18 ग्रॅम, ते काढून पंखाखाली आणले तर नुसत्या तेवढ्यानं सीजी 1 सेंटीमीटरपेक्षा थोडा जास्त पुढं येतो. सर्व्होपासून शेपटीपर्यंत बांबूची बारीक काडी लाव, दोन्ही टोकांना बारीक तार दोऱ्यानं गुंडाळून चिकटव. बरेच जण सायकलचा स्पोक वापरतात, तो परत मागं वजन वाढवतो. राहिलेले सव्वादोन-अडीच सेंटीमीटर बॅटरीनं भरून काढायचे, तुझी 2200 ची बॅटरी 180 ग्रॅमच्या आसपास असेल, ती 12-13 सेंटीमीटर पुढं सरकवावी लागेल. तेवढी जागा नाकात आहे का हे फोटोवरून कळेना. नसेल तर नाकच पुढं वाढव, थर्माकोल आहे, कापून मधे तुकडा घालायला अर्धा तास लागतो. (थर्माकोलवर फेवीक्विक वापरू नको, विरघळतं. फेविकॉल लावून रात्रभर ठेव, गडबड असेल तर ग्लू गन.)

सगळं झाल्यावर पंखाच्या खालून, बॉडीच्या दोन्ही बाजूंना, पुढच्या कडेपासून 5.4 वर मार्करनं दोन ठिपके मार. दोन बोटांची टोकं त्या ठिपक्यांवर ठेवून विमान उचलायचं, बॅटरी आत, झाकण लावलेलं, जसं उडणार तसंच. नाक किंचित खाली झुकलं तर उत्तम. आमच्याकडं नियमच आहे, रोज पहिल्या उडवण्याआधी बोटावर ठेवून बघायचं, कितीही वेळा उडालेलं विमान असू दे.

हा नियम का आला ते सांगतो. माझं 660 ग्रॅमचं एक ग्लायडर होतं, लई लाडकं, पंखाची रुंदी तुझ्याइतकीच. थर्मलमध्ये (वर उठणाऱ्या तापलेल्या हवेत) चांगलं तरंगावं म्हणून मी सीजी मुद्दाम मागं मागं नेत 7 सेंटीमीटरवर आणला होता आणि तिथं ते झकास उडायचं. एप्रिलमध्ये एकदा गाडीत ठेवून रानात नेलं, गाडी तासभर उन्हात उभी होती. वर सोडलं, चाळीसेक मीटर चढलं आणि एकदम नाक आभाळाकडं करून उलटं व्हायला लागलं. रिमोटची स्टिक पूर्ण खाली दाबली तरी काही नाही. दोन गिरक्या घेऊन बांधावरच्या बाभळीत. खाली काढून बघितलं तर बॅटरीखालचं वेलक्रो सुटलं होतं, उन्हानं त्याचा चिकट थर पातळ होऊन बोटाला तार येत होती, आणि 110 ग्रॅमची बॅटरी चढताना 6 सेंटीमीटर मागं सरकली होती. हिशेब कर, 110 गुणिले 6 भागिले 660, सीजी बरोबर 1 सेंटीमीटर मागं गेला. 7 चा 8 झाला आणि विमान हाताबाहेर गेलं. तेव्हापासून वेलक्रो असलं तरी वरून पट्टा आणि बॅटरीच्या मागं फोमचा ठोकळा असल्याशिवाय मी विमान सोडत नाही. आपल्याकडच्या उन्हात ग्लू गनचे जोड पण मऊ पडतात, थर्माकोलचा पंख बंद गाडीत ठेवला तर वाकतो, त्यामुळं विमान सावलीत आणि पंख सपाट जागेवर.

आता उडवायचं कसं. मोटर चालू करून भिरकवायची घाई तुम्ही सातही वेळा केली असणार. मोटरला पूर्ण विसरून जा. सकाळी फटफटायला लागलं की वारं पडलेलं असतं, त्या वेळेला जा, साडेआठ-नऊपर्यंत खेळ संपवायचा. जागा बघताना नांगरट नको, ढेकळांनी विमानाचं पोट फाटतं, ज्वारी काढलेलं रान पण नको कारण धसकटं सुरीसारखी असतात. गवताचं पडीक रान किंवा शाळेचं ग्राऊंड चांगलं. प्रोपेलर काढून ठेव, ट्रान्समीटर (हातातला रिमोट) आधी चालू कर मग विमान, स्टिक उजवीकडं केली की रडर (शेपटीची उभी पट्टी) उजवीकडं जातो का आणि स्टिक मागं ओढली की एलिव्हेटर वर उचलतो का हे डोळ्यानं बघ. मग जे काही जरासं वारं असेल त्याच्याकडं तोंड करून, खांद्याच्या उंचीवरून, पंख सरळ ठेवून भाला फेकतात तसं सरळ सोडायचं. वर फेकायचं नाही, नजर समोरच्या झाडाच्या बुंध्यावर ठेव. जोर पण मोजून, विमान हातातून उडून गेल्यासारखं वाटलं पाहिजे, फेकल्यासारखं नाही.

नीट तोललेलं असलं तर ते सरळ रेषेत हळूहळू उतरत 12 ते 15 मीटरवर पोटावर टेकतं. खांद्याची उंची दीड-पावणेदोन मीटर आणि अशा साध्या विमानाचा उतार एकास आठ-दहा, त्यावरून हे अंतर येतं. नाक वर करून थबकलं आणि धप्पकन पडलं तर एलिव्हेटर एक-दोन मिलिमीटर खाली कर. लवकर नाक खाली घातलं तर वर कर. एका बाजूला वळत असेल तर लगेच रडर ट्रिम करू नको, विमान मागून डोळ्यासमोर धर आणि बघ एखादा पंख पिळलाय का, दहातल्या आठ वेळा पिळच असतो. एका वेळेला एकच गोष्ट बदलायची आणि तीन वेळा सोडून बघायचं. आमच्या सरांनी त्यांचं पहिलं विमान दोन रविवार नुसतं हातानं सोडलं, पोरं कंटाळून घरी गेली, पण तिसऱ्या रविवारी मोटर लावल्यावर ते पहिल्याच फेरीला अकरा मिनिटं वर होतं, मला अजून ती सकाळ आठवते.

मोटर लावून 60-70 मीटर वर गेल्यावर मोटर बंद करून सरळ उडू दे आणि मग सीजीची खरी परीक्षा घे. नाक साधारण 30-40 अंश खाली घालायचं आणि स्टिक सोडून द्यायची. विमान हळूहळू स्वतःच सरळ झालं तर सीजी बरोबर. झटका मारून वर उसळलं तर नाक जड आहे, बॅटरी अर्धा सेंटीमीटर मागं घे. आणि सरळ व्हायच्या ऐवजी अजूनच खाली घुसायला लागलं तर लगेच हळू ओढून बाहेर काढ आणि खाली उतरव, शेपूट जड आहे. मी प्रत्येक नवीन विमानाचं हेच करतो, पुस्तकातला आकडा फक्त पहिल्या दिवसापुरता.

वजनाचं पण बोललं पाहिजे. तुझ्या पंखाचं क्षेत्रफळ 27 चौरस डेसिमीटर, वजन 950, म्हणजे दर चौरस डेसिमीटरला 35 ग्रॅम. शिकायच्या ग्लायडरला 20-22 पाहिजे. माझ्या हिशेबानं तुझं विमान ताशी 28 किलोमीटरच्या खाली स्टॉल होत असेल आणि 600 ग्रॅमचं असतं तर साडेबावीसपर्यंत तरंगलं असतं. या पाच-सहा किलोमीटरच्या फरकात नवीन माणसाला विचार करायला वेळ मिळतो. म्हणून हे विमान तोल शिकायला वापर, मोडलं तर मोडू दे, आणि दुसरं बनवताना 600 ग्रॅम डोक्यात ठेव, 1300 ची बॅटरी, बॉडीला गरज नसलेला टेप नाही, ग्लू गनच्या कांड्या मोजून. शेपूट हलकी केलीस की लहान बॅटरीवर पण तोल जमतो, हे एकमेकांत गुंतलेलं आहे.

आता थर्मल, कारण ग्लायडरची खरी मजा तिथं आहे आणि त्या बाबतीत आपला मराठवाडा श्रीमंत आहे. काळं रान उन्हानं लवकर तापतं, त्याच्यावरची हवा वर उठते, शेजारी उसाचा ओला फड असेल तर तिथली हवा थंड राहते. या दोघांच्या सीमेवर, काळ्या रानाच्या बाजूला, दहाच्या पुढं हमखास काहीतरी उचलतं. वावटळ उठलेली दिसली की समज थर्मल जमिनीलगत डोळ्याला दिसायलाय, पण तिच्यात विमान घालू नको, जमिनीजवळ ती पंख मोडते. घारी बघ. घार पंख न हलवता गोल फिरत वर चढत असेल तर तिथंच जायचं, आणि तिच्याच दिशेनं गोल फिरायचं. आमच्या रानात एक घारींची जोडी आहे, कितीदा आमच्याच विमानाखाली येऊन फिरायला लागते, तेव्हा जे वाटतं ते लिहून सांगता येत नाही. विमान सरळ जाताना एक पंख कुणीतरी बोटानं उचलल्यासारखा वर झाला तर हवा त्या बाजूला उठायलीय, तिकडंच वळायचं. माणसाचा स्वभाव असा की विमान ज्या बाजूला कलतं तिकडं जाऊ देतो, म्हणजे बरोबर उलटीकडं. ट्रान्समीटरच्या अँटेनाला जुन्या कॅसेटची टेप वीतभर बांध, वारं एकदम फिरून एखाद्या दिशेला ओढायला लागलं की थर्मल तिकडं आहे.

पण उंचीचं भान पाहिजे. दीड मीटरचं विमान दोनशे मीटरवर गेलं की ते येतंय का जातंय कळत नाही, आणि कायद्यानं पण ग्रीन झोनमध्ये (जिथं परवानगी लागत नाही) 400 फूट म्हणजे 120 मीटरच आहे. ड्रोन रूल्स 2021 मध्ये आपली मॉडेल विमानं पण येतात, त्यामुळं सरकारच्या डिजिटल स्काय वेबसाइटच्या नकाशावर तुमचं रान कोणत्या रंगात आहे ते बघूनच जागा ठरवा. चालू विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरमध्ये 200 फुटांचीच मर्यादा आहे, चिकलठाणा आणि नांदेडच्या जवळच्या पोरांनी हे लक्षात ठेवावं. विमान उचलतच चाललं आणि खाली येईना तर घाबरून डाईव्ह मारू नको, पंख दुमडतो. त्याला सरळ उसाच्या फडाकडं ने, तिथं हवा खाली बसत असते. फक्त फडावर खाली येऊ देऊ नको, उंची कमी झाली की परत आपल्या बाजूला. उसात पडलेलं विमान शोधायला आम्हाला एकदा अख्खी संध्याकाळ लागली होती, हात-तोंड पाचटानं कापलेलं.

क्लबचं विचारलंस. माझं मत आहे की क्लब नावापासून किंवा लोगोपासून सुरू करू नका, एका रानापासून आणि एका शिकवणाऱ्यापासून करा. चौघांची चार विमानं नकोत, एकच सोपं विमान आणि दोन ट्रान्समीटर घ्या. फ्लायस्कायच्या एफएस-आय6 ला मागं ट्रेनर पोर्ट असतं, केबलनं दोन जोडले की ज्याला येतं तो एक स्विच सोडून विमान स्वतःकडं घेऊ शकतो. आमचे सगळे जण असेच शिकले. अंबाजोगाईत कुणी शिकवणारं नसेल तर कॉलेजमध्ये एनसीसीच्या एअर विंगमधून आलेलं कुणी आहे का विचारा, तिथं एरोमॉडेलिंग शिकवतात.

उडवणाऱ्याच्या शेजारी एक जण उभा राहिलाच पाहिजे आणि त्याचं काम फक्त आजूबाजूला बघायचं, कारण उडवणाऱ्याची नजर वर असते. रानात कोण येतंय, गुरं, पोरं, मोटारसायकल, हे तो ओरडून सांगतो. महावितरणच्या तारांची बाजू सुरुवातीलाच ठरवून टाका आणि त्या बाजूला विमान वळवायचंच नाही. तारेत विमान अडकलं तर ते विमान गेलं असं समजा, काठीनं काढायला जाऊ नका, हे मी हात जोडून सांगतो.

आणि रानाच्या मालकाशी नातं सांभाळा. आमच्या काकांची एकच अट होती, उभ्या पिकात विमान पडलं तर एकानंच जायचं आणि तासातूनच चालायचं, सोयाबीन फुलात असेल तर त्यांना विचारून. चौदा वर्षांत ती अट आम्ही मोडली नाही आणि आता तेच दर रविवारी सात वाजता चहा घेऊन बांधावर उभे असतात. मार्च ते मे रानं मोकळी असतात तेव्हा जास्तीत जास्त सराव करून घ्या, पेरण्या झाल्या की जागा आक्रसते आणि वारं पण आवरत नाही.

तर आत्ता एवढं कर, सर्व्हो पुढं आण, बॅटरी पुढं घे आणि पट्ट्यानं बांध, 5.4 वर ठिपके मार, मोटर न लावता सकाळी हातानं सोड. विमान बोटांवर तोललेलं असताना बाजूनं एक फोटो काढ, ठिपके दिसले पाहिजेत, आणि हातातून सुटल्यावर किती पावलांवर टेकलं ते तीन वेळा मोजून लिही. मोटरला किती झुकाव द्यायचा ते मी त्यावरून सांगतो.